आयोडीनचं मीठ: गलगंड दिसतो, बाकीचं दिसत नाही

आयोडीनची कमतरता म्हटली की डोळ्यांसमोर गळ्यावरची मोठी गाठ येते. गलगंड दिसतो, म्हणून लक्षात राहतो. खरं तर या कमतरतेचा तो त्यातल्या त्यात सौम्य भाग. थायरॉइड ग्रंथीला संप्रेरकं तयार करायला आयोडीन लागतं. ते पुरेनासं झालं की मिळेल तेवढं ओढून घेण्याच्या धडपडीत ग्रंथी फुगत जाते.

मोठं नुकसान होतं ते गर्भात. गरोदरपणाच्या साधारण मध्यापर्यंत बाळाची स्वतःची थायरॉइड पुरेशी कामाला लागलेली नसते आणि तोवर मेंदूची जडणघडण आईच्या संप्रेरकावर चालते. आईलाच आयोडीन फार कमी पडलं तर मूल बहिरं होऊ शकतं, त्याची वाढ खुंटते, बुद्धीवर कायमचा परिणाम होतो. कमतरता थोडी असेल तर मूल वरकरणी ठणठणीत असतं, पण शिकण्यात मागे पडू शकतं. त्याचा संबंध स्वयंपाकघरातल्या मिठाशी कोण जोडणार?

लागतं मात्र अगदी कणभर. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी चार ग्रॅम भरत नाहीत. पण ते एकदम खाऊन भागत नाही. पोटात गेलेल्या आयोडीनचा बहुतांश भाग लघवीवाटे निघून जातो, त्यामुळे थोडं थोडं नेमाने मिळत राहावं लागतं. डोंगराळ आणि वारंवार पूर येणाऱ्या भागांत तर ते मातीतूनच धुऊन गेलेलं असतं. मग तिथल्या धान्यात, भाजीत, दुधात कुठून येणार? आयोडीन मिसळायला मीठ निवडलं गेलं ते यासाठी की ते सगळेच खातात, रोज खातात आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात खातात. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ साली आणि अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९२४ साली असं मीठ लोकांपर्यंत पोचलं.

या उपायाचा सर्वांत नेटका पुरावा हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यातला आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून खोऱ्याचे तीन भाग पाडून दोन भागांना आयोडीनचं आणि एकाला साधं मीठ पुरवलं. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड झपाट्याने घटला, तिसऱ्यातला हटला नाही. पुढे तिसऱ्या भागालाही आयोडीनचं मीठ दिल्यावर तिथेही तो उतरला.

आता गंमत अशी की उपाय इतका लागू पडला की तो कशासाठी होता हेच लोक विसरले. गळ्याच्या गाठी दिसेनाशा झाल्या आणि ‘नैसर्गिक’ म्हणून खडे मीठ, सैंधव, गुलाबी मीठ घरात आलं. चवीला आणायला हरकत नाही, पण रोजच्या मिठाच्या जागी नको. पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं नसेल तर त्यात कामापुरतं आयोडीन नाही असंच धरावं. समुद्राच्या मिठात ते आपोआप असतं, हाही गैरसमजच. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम. ते सगळं मिठात उतरलं असं मानलं तरी पाच ग्रॅममागे दहा मायक्रोग्रॅमसुद्धा हाती लागत नाही.

चांगलं मीठ आणूनही ते घरात वाया जाऊ शकतं. दमट हवेत टिकावं म्हणून मिठात बहुधा पोटॅशियम आयोडेट घालतात, तरी ओल, उष्णता आणि ऊन यांनी आयोडीन हळूहळू उडतं. म्हणून शेगडीशेजारी उघडं भांडं नको, घट्ट झाकणाचा कोरडा डबा हवा. शिजवतानाही थोडं कमी होतं. शक्य तिथे मीठ शेवटी घालावं.

मिठात आयोडीन आहे का, हे काही सेकंदांत कळतं. आरोग्य कर्मचारी चमचाभर मिठावर तपासणी संचातल्या द्रावाचे थेंब टाकतात आणि पांढऱ्या मिठावर निळा-जांभळा डाग उमटतो. द्रावात स्टार्च, आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड असतं. आम्लात आयोडेट आणि आयोडाइड यांची प्रक्रिया होऊन मोकळं आयोडीन सुटतं आणि स्टार्चला रंग चढवतं. आहे की नाही, हे त्यावरून कळतं. किती आहे, हे रंगाच्या गडदपणावरून ठरवू नये. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

राहता राहिला रक्तदाबवाल्यांचा प्रश्न: मीठ कमी केलं तर आयोडीनचं काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि त्या बेताने आयोडीन वाढवायलाही सांगते. लोक सरासरी दहा ग्रॅम मीठ खात असतील तिथे किलोमागे २० मिलिग्रॅम, पाच ग्रॅम खात असतील तिथे ३९. ही वाढ कारखान्यात करायची असते, ताटात नाही.