स्मार्ट काच बाजारात का रेंगाळली? आरशापासून इमारतीपर्यंत, व्हाया कोल्हापूर

रात्री पुण्याहून कोल्हापूरला येताना मागचा ट्रकवाला अप्पर लावून चिकटला, की वरच्या मॉडेलच्या गाड्यांतला आतला आरसा आपोआप काळसर पडतो. ट्रक पुढे निघून गेला की आरसा पुन्हा निवळतो. ब्रोशरमध्ये याला 'ऑटो डिमिंग मिरर' म्हणतात. इलेक्ट्रोक्रोमिक पदार्थांशी, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर रंग बदलणाऱ्या पदार्थांशी, आपली ओळख बहुतेकदा एवढ्या छोट्या पट्टीपुरतीच असते. या पदार्थांकडून अपेक्षा मात्र अख्ख्या इमारतींची होती. उन्हाबरोबर गडद होणाऱ्या खिडक्या, पडदे नकोत, एसीचं बिल कमी. ते का झालं नाही, आणि जिथे झालं तिथे का झालं, याचा इतिहास बराच जुना आहे. त्यात कोल्हापूरचाही एक धागा आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. या धंद्यावरचे बाजार-अहवाल अब्जावधी डॉलरचे आकडे छापतात आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. 'स्मार्ट ग्लास' या नावाखाली कोण काय मोजतो, यावर ते अवलंबून असतं. गाडीचे आरसे, विमानाच्या खिडक्या, इमारतींच्या काचा आणि केबिनला लावायची दुधी फिल्म, सगळं एकत्र. या काचांचं विज्ञान वेगळं, ग्राहक वेगळे, किमती वेगळ्या. त्यामुळे मी त्या आकड्यांच्या वाटेला जात नाही.

रसायनशास्त्राची सुरुवात १८१५ची. स्वीडनच्या बर्झेलियसला दिसलं, की टंगस्टन ऑक्साइड हायड्रोजनमध्ये तापवलं की त्याचा रंग बदलतो. पुढे १८२४ मध्ये व्होलरने सोडियम वापरून तसाच बदल घडवला. पण विजेने हा रंग आणता-घालवता येतो, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९५३ मध्ये लिख्टेनस्टाइनच्या बाल्झर्स कंपनीतल्या क्राउस यांनी टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरावर हा परिणाम नोंदवला. कंपनीच्या कागदांतच ते राहिलं. 'इलेक्ट्रोक्रोमिझम' हा शब्द १९६१ मध्ये जॉन प्लॅट यांनी वापरला, तोही रंगद्रव्यांबद्दलच्या एका सैद्धांतिक लेखात.

खऱ्या अर्थाने दार उघडलं ते भारतीय वंशाच्या सत्येन देब यांनी. अमेरिकन सायनामिड कंपनीत काम करताना त्यांनी १९६९ मध्ये आणि मग १९७३ मध्ये जे लेख लिहिले, त्यांच्यापासून या शाखेची मोजणी सुरू होते. पण तेव्हा खिडकी कुणाच्याच डोक्यात नव्हती. डोक्यात होते ते डिस्प्ले: घड्याळं, कॅल्क्युलेटर, आकडे दाखवणाऱ्या पट्ट्या. सत्तरच्या दशकात बऱ्याच कंपन्या या मागे लागल्या आणि लिक्विड क्रिस्टलने, म्हणजे एलसीडी पडद्यांनी, त्यांना मागे टाकलं. टंगस्टनचा रंग यायला-जायला वेळ लागायचा आणि हजारो वेळा बदलल्यावर थर दमायचा. मनगटावरच्या घड्याळाला हे चालणारं नव्हतं. पहिला बाजार असा हातचा गेला.

काचेकडे लक्ष वळवलं ते तेलाने. १९७३च्या तेलसंकटानंतर युरोप-अमेरिकेत इमारतींच्या ऊर्जेचा हिशेब सुरू झाला आणि बरीच गळती खिडकीतून होते हे दिसलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर स्वीडनमध्ये क्लेस ग्रानक्विस्ट आणि अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेतले कार्ल लॅम्पर्ट यांनी इलेक्ट्रोक्रोमिक थराला खिडकीत बसवण्याची मांडणी केली. 'स्मार्ट विंडो' हा शब्द त्याच काळातला. डिस्प्लेला जे दोष नडले ते खिडकीला फारसे नडत नव्हते. ऊन काही सेकंदात वर येत नाही, काच पाच-दहा मिनिटांत गडद झाली तरी चालतं.

रचना समजून घेतली की पुढची सगळी रड कळते. काचेवर वीज वाहून नेणारा पारदर्शक थर, त्यावर टंगस्टन ऑक्साइड, मग आयन वाहणारा इलेक्ट्रोलाइट, त्यापलीकडे बहुधा निकेल ऑक्साइड आणि शेवटी पुन्हा वीज वाहणारा थर. म्हणजे ही एक पातळ, आरपार दिसणारी बॅटरीच. चार्ज केली की लिथियमचे आयन आणि इलेक्ट्रॉन टंगस्टन ऑक्साइडमध्ये शिरतात, ते निळं पडतं आणि प्रकाशाबरोबर उष्णतेचे अवरक्त किरणही अडवतं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूचं निकेल ऑक्साइड तपकिरी होतं. डिस्चार्ज केली की दोन्ही निवळतात. लागतात पाच व्होल्टच्या आतबाहेर, आणि एकदा रंग आला की वीज बंद केली तरी तो बराच वेळ टिकतो. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या दरबार हॉलमधल्या रंगीत काचा आपण पाहिलेल्या असतात. रंगीत काचेलाही रंग बहुधा धातूंच्या ऑक्साइडमुळेच येतो, पण तो काच वितळलेली असतानाच कायमचा बसतो. इथे तो ये-जा करतो आणि त्या ये-जा करण्याचेच पैसे आहेत.

गंमत अशी, की खिडकीसाठी सिद्धांत मांडला जात असताना पहिला पैसा मिळवला आरशाने. मिशिगनमधल्या झीलँड गावची जेंटेक्स ही १९७४ मध्ये धुराचे अलार्म बनवण्यासाठी निघालेली कंपनी. १९८२ मध्ये तिने छोट्या मोटरने कलणारा आरसा आणला आणि १९८७ मध्ये इलेक्ट्रोक्रोमिक आरसा. तिने टंगस्टन वापरलंच नाही. दोन काचांमध्ये व्हायोलोजेन जातीच्या सेंद्रिय रंगद्रव्याचं जेल भरलं. या जेलचा एक 'दोष' म्हणजे वीज तोडली की रंग आपोआप उडतो. मोठ्या खिडकीत हा दोषच ठरतो, कारण काच गडद ठेवायची तर वीज सतत द्यावी लागते. आरशात तोच गुण ठरला: फ्यूज उडाला तरी आरसा स्वच्छच राहणार. शिवाय काच तळहाताएवढी आणि जास्त पैसे मोजायला तयार असलेलं महागड्या गाडीचं गिऱ्हाईक. या बाजारात सातत्याने नफा कमावणारं उत्पादन शोधायचं तर आजही हात या आरशाकडेच जातो.

विमानाची गोष्ट त्याच घराण्यातली. बोइंग ७८७ ड्रीमलायनरच्या खिडक्यांना सरकतं झाकण नाही, बटण आहे. त्या काचा जेंटेक्स आणि पीपीजी यांनी मिळून केल्या आणि हे विमान २०११ मध्ये प्रवासी सेवेत आलं. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर ड्रीमलायनर उतरत नाही, पण मुंबईहून एअर इंडियाने लंडनला गेलेल्या कुणाला विचारा; खिडकीखालचं बटण दाबून काच निळी करत बसण्यात पहिला तास कसा जातो ते सांगतील. फेरारीने २००५ मध्ये सुपरअमेरिका मॉडेलला असं छत दिलं. वनप्लसने २०२० मध्ये कॅमेरे लपवणाऱ्या काचेचा फोन नमुना म्हणून दाखवला. हे सगळं लक्ष वेधणारं, पण चौरस फुटांत मोजायचं तर किरकोळ.

चौरस फुटांचा बाजार इमारतींचा, आणि तिथेच घोडं अडलं. मिनेसोटातल्या फॅरिबॉल्टची सेज ही कंपनी १९८९ मध्ये निघाली. तिने टंगस्टन ऑक्साइडचे थर निर्वातात, स्पटरिंगने (म्हणजे धातूचे कण उडवून) काचेवर चढवायचा मार्ग धरला. काच चांगली झाली: निवळ असताना दृश्य प्रकाश साधारण ६० टक्के आत, पूर्ण गडद केली की जेमतेम १ टक्का. पण हे जमायला दोन दशकं गेली आणि शेवटी २०१२ मध्ये फ्रान्सच्या सेंट-गोबेनने ती पूर्ण विकत घेतली. काचेच्या धंद्यात शतकानुशतकं मुरलेल्या कंपनीच्या खांद्याशिवाय हे ओझं पेलत नव्हतं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

दुसरी वाट व्ह्यूची. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या कंपनीने मिसिसिपीत मोठा कारखाना उभा केला. काच विकण्यापेक्षा 'स्मार्ट इमारत' विकू लागली: सेन्सर, सॉफ्टवेअर, ॲप. २०१८ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेच्या गुंतवणूक फंडाने ११० कोटी डॉलर ओतले. मार्च २०२१ मध्ये आडमार्गाने, म्हणजे आधीच शेअर बाजारात असलेल्या कोऱ्या कंपनीत विलीन होऊन, व्ह्यूची नोंदणी झाली. मग हिशेब बाहेर यायला लागले. सदोष काचा बदलून देण्याचा खर्च पुरता दाखवला नव्हता, यावरून अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०२३ मध्ये कारवाई केली. एप्रिल २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि शेअर बाजारातून बाहेर पडून खाजगी हातांत राहिली. त्याआधी, २०२२च्या अमेरिकी कायद्याने इलेक्ट्रोक्रोमिक काचेला ३० टक्के करसवलत दिली होती. तरीही हे झालं.

मोठी काच अवघड का? थरात टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी तिथे शॉर्ट होतो आणि गडद काचेत उजळ डाग दिसतो. काच जितकी मोठी, तितकी वीज कडेकडून मध्यापर्यंत पोचायला वेळ. कडा आधी काळ्या पडतात, मधला भाग मागाहून. दुहेरी काचेचं सील सुटलं की दमट हवा आत. चाचणीत ५०,००० वेळा रंग बदलून बघतात, कारण खिडकी वीस-पंचवीस वर्षं टिकली पाहिजे. पारदर्शक वाहक थरात बहुधा इंडियम हा धातू लागतो; तो जस्ताच्या खाणकामातून जोडउत्पादन म्हणून मिळतो आणि टीव्ही-मोबाइलचे पडदे त्याचे मोठे गिऱ्हाईक. आणि स्पटरिंगचं यंत्र म्हणजे कोट्यवधींची निर्वात यंत्रणा. पदार्थ सापडून दोनशे वर्षं झाली. स्वस्तात, मोठ्या काचेवर, एकसारखा थर कसा द्यायचा हा प्रश्न मात्र कायम आहे.

नेमक्या याच प्रश्नावर कोल्हापुरात काम झालंय. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांची, म्हणजे सगळे ज्याला 'थिन फिल्म' म्हणतात त्याची, मोठी परंपरा तयार झाली. निर्वात यंत्राशिवाय थर देण्याच्या पद्धती ही तिची खूण. प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने द्रावणात काच बुडवून थर चढवण्याच्या रासायनिक पद्धतींवर काम केलं. प्रा. पी. एस. पाटील यांनी स्प्रे पायरोलिसिस हाती घेतलं आणि १९९९ मध्ये त्या पद्धतीवर लिहिलेला त्यांचा आढावा लेख जगभर संदर्भाला घेतला जातो. पद्धत वर्णनाला सोपी आहे: तीन-चारशे अंशांना तापवलेल्या काचेवर अमोनियम टंगस्टेटसारख्या द्रावणाचा बारीक फवारा मारायचा. पाणी उडून जातं, संयुग फुटतं आणि काचेवर टंगस्टन ऑक्साइडचा थर बसतो. त्याच धर्तीवर निकेल ऑक्साइडचे, टंगस्टन-मॉलिब्डेनम मिश्रणाचे थर इथे झाले. वाहक थरासाठी महागड्या इंडियमऐवजी फ्लोरिन मिसळलेलं टिन ऑक्साइडही याच फवाऱ्याने काचेवर चढवता येतं, आणि तेही इथे केलं गेलं.

या थरांचा उपयोग फक्त खिडकीपुरता नाही. टंगस्टन ऑक्साइड वायू ओळखतं, निकेल ऑक्साइड सुपरकॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज झटपट साठवणाऱ्या घटकात, चालतं, त्यामुळे निधी जिकडे गेला तिकडे संशोधनही सरकत गेलं. इथून पीएचडी केलेली बरीच मुलं दक्षिण कोरियाच्या विद्यापीठांत पोस्टडॉक म्हणून गेली. माझं मत विचाराल तर ती मुलं गेली याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण दोन-तीन इंची काचेवर जमलेला थर तीन फूट बाय पाच फूट काचेवर एकसारखा बसवणारं यंत्र विकसित करायला पैसा लावणारं इथे कुणी पुढे आलं नाही. कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यात, उद्यमनगरपासून शिरोली-गोकुळ शिरगावपर्यंत, ओतकाम आणि मशीनिंगचं कसब आहे, तापमान नीट राखणाऱ्या भट्ट्या आहेत. फवाऱ्याचं यंत्र हेही शेवटी नोझल, हीटर आणि सरकतं टेबलच. अर्थात हे लिहिणं सोपं आहे. ऑर्डर कोण देणार, हा कारखानदाराचा पहिला प्रश्न रास्तच आहे.

कारण इथला बाजार वेगळा आहे. कोल्हापुरात एखाद्या इंटिरिअरवाल्याकडे 'स्मार्ट ग्लास' मागितली तर तो बहुधा पीडीएलसी फिल्म दाखवेल. ती लिक्विड क्रिस्टलची, ऐंशीच्या दशकात अमेरिकेत घडलेली. वीज दिली की स्वच्छ, बंद केली की दुधी. डॉक्टरांची तपासणी खोली, ऑफिसची केबिन, हॉटेलची बाथरूम यांना ती ठीक आहे. आड हवी तिथे आड मिळते. पण ती प्रकाश विखुरते, फारसा अडवत नाही, त्यामुळे ऊन आणि एसीच्या बिलावर तिचा फरक थोडाच. वीज गेली की केबिन दुधी होणार हेही धरून चालायचं. चष्म्यातल्या फोटोसन काचा तिसऱ्याच: त्यांना वायर नाही, त्या उन्हातल्या अतिनील किरणांनी स्वतःच काळ्या पडतात.

खऱ्या इलेक्ट्रोक्रोमिक खिडकीला इथे आणखी दोन अडचणी. आपल्या बहुतेक खिडक्या ॲल्युमिनियम सेक्शनच्या, सरकत्या. सरकणाऱ्या शटरमध्ये वायर न्यायची कशी, आणि काचवाला, सेक्शनवाला आणि वायरमन या तिघांत जबाबदारी कुणाची? त्यामुळे ही काच आली तर आधी मोठ्या, न उघडणाऱ्या दर्शनी भिंतींवरच येईल. तिथे देशाची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, २००७ मध्ये आलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली, उपयोगी पडू शकते. ती १०० किलोवॅट किंवा जास्त भार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी आहे आणि काचेतून आत येणाऱ्या उन्हाच्या उष्णतेला मर्यादा घालते. पण ही मर्यादा रंगीत किंवा परावर्तक काच लावूनही पाळता येते, मग पैसे वाचवणारा बिल्डर तीच लावतो.

गाडीत तर कायदाच आड येतो. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली ती याच नियमाच्या आधारे. बटणावर १० टक्क्यांपर्यंत गडद होणारी दाराची काच या चौकटीत बसत नाही. उरतात सनरूफ आणि आरसा.