डिजिटल ऑडिओ प्लेअर : हेडफोनसाठी निवड

डिजिटल ऑडिओ प्लेअर (शौकिनांच्या बोलण्यात ‘डॅप’) : संगीताच्या फायली साठवून त्या हेडफोनवर ऐकवण्यासाठीच बनवलेले, खिशात मावणारे यंत्र. त्यात चार गोष्टी एकत्र नांदतात : फायली ठेवण्याची मेमरी, आकड्यांचा विद्युत संकेत करणारा डॅक, तो संकेत हेडफोन हलवण्याइतका मोठा करणारा अ‍ॅम्प आणि हे सगळे चालवणारी प्रणाली. जाहिरातीत बोलबाला असतो तो डॅकच्या चिपचा. पण आज मधल्या किमतीच्या प्लेअरमधला डॅकही कानाला खोट सापडू नये इतका शुद्ध असतो. दोन प्लेअर वेगळे वाजतात ते बहुतेक वेळा अ‍ॅम्पमुळे, आणि अ‍ॅम्प कसा वागेल हे त्याला जोडलेला हेडफोन ठरवतो. म्हणून आधी हेडफोन पक्का करावा आणि मग त्याला साजेसा प्लेअर शोधावा. बाजारात मात्र नेमके उलटे होताना दिसते.

सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला आणि चालताबोलता आपल्यापुरते गाणे ऐकण्याची सवय लोकांना लागली. एमपी३ वाजवणारे पहिले छोटे प्लेअर १९९८चे : कोरियातला एमपीमॅन आणि अमेरिकेतला डायमंड रिओ. रिओची मेमरी होती ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. ऑक्टोबर २००१मध्ये अ‍ॅपलचा ५ जीबीचा आयपॉड आला. पुढे १६० जीबीपर्यंत गेलेला आयपॉड क्लासिक २०१४मध्ये बंद झाला आणि २०२२मध्ये आयपॉड हे नावच थांबले. तोवर फोनने सामान्य प्लेअरची गरज संपवली होती. उरला तो आवाजाच्या दर्जासाठी वेगळे पैसे मोजणारा श्रोता. त्याच्यासाठी २०१२मध्ये कोरियाच्या आयरिव्हरने अ‍ॅस्टेल अँड कर्न एके१०० आणला. पाठोपाठ सोनीने वॉकमनची वरच्या दर्जाची मालिका काढली आणि फिओ, आयबासो, शॅनलिंग, हायबी या चिनी कंपन्यांनी किमती पुष्कळ खाली आणल्या. गायक नील यंगच्या पोनो या त्रिकोणी प्लेअरसाठी २०१४मध्ये लोकवर्गणीतून साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली होती, तरी २०१७मध्ये तो उपक्रम गुंडाळावा लागला. फायलीवरचा आकडा मोठा केला की ऐकणे आपोआप सुधारते, या समजावर तो उभा होता.

हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मापे : किती हजार वेळा ते किलोहर्ट्झ सांगतात आणि प्रत्येक माप किती बारीक ते बिट. सीडीवरचा आवाज १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ असतो. त्यात २२ किलोहर्ट्‌झपर्यंतचे स्वर मावतात (तरुण, निरोगी कानाची मर्यादा २०च्या आसपास आणि वयाबरोबर ती उतरत जाते), आणि सगळ्यात मोठ्या व सगळ्यात बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते. २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्‌झच्या फायलींना ‘हाय-रेझ’ म्हणतात. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत श्रोत्यांना हाय-रेझ ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या मापात उतरवलेले, असे दोन्ही, कोणते कुठले हे न सांगता ऐकवले. ५५४पैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढीच आली असती. २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. फरक असलाच तर तो इतका बारीक आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला २४ बिटांचा उपयोग असतो, कारण पातळी लावताना चूक झाली तरी सावरायला जागा राहते. ऐकणाऱ्याला सीडीच्या मापातली, काहीही न गमावलेली फाइल पुरते.

अशी फाइल बहुधा फ्लॅक असते. २००१पासून उपलब्ध असलेला हा मुक्त फॉर्मॅट फाइल साधारण निम्म्यावर आणतो आणि वाजवताना मूळ आकडे जसेच्या तसे परत देतो. त्या हिशेबाने तासाभराच्या संगीताला साडेतीनशे एमबीच्या आसपास जागा लागते आणि २५६ जीबीच्या कार्डावर सातशे तास मावतात. एमपी३ला सरसकट नाके मुरडायचे कारण नाही. चांगल्या एन्कोडरने (आवाज एमपी३त आवळणाऱ्या प्रणालीने) केलेली ३२० केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ३२० हजार बिटांची, फाइल मूळ आवाजापासून ओळखणे बहुतेकांना जमत नाही. खरा घात होतो तो जुन्या तबकड्यांचा. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे गाणे ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवताना सुईची खरखरही सोबत येते. खरखर म्हणजे कोणताही नमुना नसलेला आवाज, आणि तो थोडक्यात मांडणे एमपी३ला सर्वांत अवघड जाते. १२८ केबीपीएसमध्ये एन्कोडरचे बरेचसे बिट त्या खरखरीवरच खर्ची पडतात आणि मधोमध असलेला गळा पाण्याखालून आल्यासारखा लपलपतो. नवा प्लेअर घेण्याच्या आधी अशा फायली बदलल्या तर जास्त सुख मिळते.

आता अ‍ॅम्पकडे. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे पाहावेत : इम्पीडन्स, म्हणजे विद्युत प्रवाहाला होणारा अडथळा (ओहममध्ये), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मिलिवॅट शक्ती दिली की किती डेसिबल आवाज निघतो. समजा, ३०० ओहमचा आणि ९७ डेसिबलचा मोठा हेडफोन आहे. तबल्याच्या थापेसारखी शिखरे ११० डेसिबलपर्यंत जावीत असे वाटत असेल, तर १३ डेसिबल जास्त, म्हणजे २० मिलिवॅट लागतील. ३०० ओहमवर त्यासाठी जवळपास २.४५ व्होल्ट हवेत. सुमारे १ व्होल्ट देणाऱ्या फोनच्या डोंगलवर (फोन आणि हेडफोन यांच्यामध्ये लावायच्या छोट्या जोडावर) तो १०२ डेसिबलला अडकतो : गाणे ऐकू येते, पण समेवरची थाप दबते. उलट १६ ओहमचा, ११० डेसिबलचा इन-इअर (कानाच्या आत बसणारा छोटा हेडफोन) तेवढ्याच शिखरासाठी अवघे ०.१३ व्होल्ट मागतो. पहिल्याला लागणारे जोरकस यंत्र दुसऱ्याला नुसते अनावश्यकच नाही, त्रासदायकही ठरू शकते. डब्यावर मिलिवॅट छापलेले असतात ते किती ओहमवर मोजले, हेही पाहिलेच पाहिजे. १६ ओहमवर ३५ मिलिवॅट देणारा प्लेअर म्हणजे पाऊण व्होल्टचा प्लेअर. ३०० ओहमवर त्याच्याकडून २ मिलिवॅटही मिळत नाहीत.

त्रास होतो तो सुस्स अशा आवाजाचा. प्रत्येक अ‍ॅम्पला स्वतःचा थोडा गोंगाट असतो आणि संवेदनशील इन-इअर तो उघडा पाडतो. यासाठी तंबोऱ्यासारखी परीक्षा नाही. शांत खोलीत ख्यालाची सुरुवात लावावी. गायक अजून बोललेला नाही, मिरजेच्या कारागिराने दोरा सरकवून लावलेली जवारी (तारेचा गुंजारव) खुलते आहे, आणि तारेतून एकामागून एक बारीक स्वरांश वर येताहेत. प्लेअर स्वच्छ असेल तर तार छेडल्यानंतर तिचा शेवट विरत जाताना ऐकू येतो. गोंगाट असेल तर तो शेवट सुस्स आवाजात बुडतो आणि तंबोरा नुसता ‘मागे चालू’ राहतो. दुकानात ठणठणीत वाजणारे गाणे लावून पाहिले तर हा दोष कधीच सापडणार नाही.

तिसरा आकडा प्लेअरचा स्वतःचा, आउटपुट इम्पीडन्स. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, हा रूढ ठोकताळा. एका इन-इअरमध्ये अनेक छोटे ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असले की त्याचा इम्पीडन्स स्वरागणिक बदलतो; समजा खर्जात ४० ओहम आणि वरच्या स्वरांत ८. प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल, तर वरचे स्वर खर्जाच्या तुलनेत ५ डेसिबलने पडतात. तोच १ ओहम असेल, तर फरक १ डेसिबलच्या आत राहतो. ‘हा प्लेअर गोड वाजतो’, ‘तो उबदार आहे’ अशा शेऱ्यांमागे पुष्कळदा एवढेच गणित असते. ते शेरे खोटे नसतात. पण सांगणाऱ्याकडचा हेडफोन वेगळा, म्हणून ते आपल्याला लागू पडत नाहीत.

जोडणीचे प्रकार तीन. नेहमीची ३.५ मिमी पिन जवळपास सगळीकडे असते. ‘बॅलन्स्ड’ (प्रत्येक कानाच्या दोन्ही तारा स्वतंत्र ठेवणाऱ्या) जोडणीसाठी आधी २.५ मिमी आणि आता बहुतेक ठिकाणी ४.४ मिमी पिन वापरतात. बॅलन्स्ड बाजूने व्होल्टेज जवळपास दुप्पट मिळते, हा तिचा मुख्य फायदा. जड हेडफोनला तो उपयोगी. हलक्या इन-इअरसाठी केवळ तेवढ्याकरता वेगळी वायर घेण्यात अर्थ नाही. ब्लूटूथवर ऐकायचे असेल तर डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही हेडफोनच्या आत असतात, प्लेअरमधले झोपून राहतात. त्या वापरासाठी महागडा डॅप घेणे म्हणजे पैसा वाया.

रोजच्या वापरात सर्वाधिक जाणवते ती प्रणाली. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये स्ट्रीमिंगची अ‍ॅप चालतात. पण हे प्लेअर उशिरा सुरू होतात, बॅटरी लवकर संपते आणि काही वर्षांनी नवी अ‍ॅप त्यांना जुमानेनाशी होतात. स्वतःची साधी प्रणाली असलेले प्लेअर चटकन सुरू होतात आणि दीर्घकाळ टिकतात. रॉकबॉक्स ही मुक्त प्रणाली तर जुन्या आयपॉडनाही नवे आयुष्य देते. हौशी मंडळी त्यातली हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवतात.

मराठी श्रोत्याने इथे दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. पहिली, देवनागरी. अनेक छोट्या प्लेअरांत जोडाक्षरे फुटतात किंवा अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. दुकानात जाताना ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्ण’, ‘पूर्‍या धनाश्री’ अशी नावे दिलेल्या तीन-चार फायली कार्डावर न्याव्यात. रागाच्या नावाने शोधायचे असेल तर राग संगीतकाराच्या किंवा प्रकाराच्या रकान्यात भरून ठेवावा, कारण रागासाठी वेगळा रकाना प्लेअर देत नाहीत. दुसरी गोष्ट ‘गॅपलेस’, म्हणजे एका फाइलीतून दुसरीत जाताना खंड न पडणे. मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या फायलींत असतात, तंबोरा मात्र सलग चालू असतो. फाइल बदलताना प्लेअर क्षणभर थांबला की तंबोरा तुटतो आणि रंगलेली मैफल विस्कटते. एमपी३च्या दोन्ही टोकांना एन्कोडर थोडी शांतता जोडतो, त्यामुळे तिथे हा धोका जास्त. फ्लॅकमध्ये तसे नसते, तरी प्लेअरने साथ द्यावी लागते. ज्या यंत्राला हे जमत नाही ते शास्त्रीय संगीतासाठी घेऊच नये, मग त्याची चिप कोणतीही असो.

कुठे ऐकणार हेही ठरवलेले बरे. मुंबईच्या लोकलमध्ये चाकांचा खडखडाट सगळी बारकाई गिळतो. तिथे कान नीट बंद करणारा इन-इअर हाच सर्वांत मोठा सुधार, आणि फोन व डोंगल तेवढ्याला पुरतात. गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेणे कानाला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. ९० डेसिबलला ती चार तासांवर येते. ऐकणारा कानच गेला तर कुठलाच प्लेअर तो परत आणू शकत नाही. वेगळा डॅप शोभतो तो रात्री घरी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तासभर बसणाऱ्याला. मध्येच घंटी वाजत नाही, निरोप येत नाहीत, आणि फोनची बॅटरीही शिल्लक राहते.

जुना प्लेअर घेताना पाठीमागचे झाकण फुगले आहे का ते आधी बघावे. फुगले असेल तर बॅटरी निकामी झालेली असते आणि ते यंत्र चार्जिंगला लावू नये. मग पिन घालून हळूच फिरवावी. एका कानाचा आवाज जाऊन-येऊन होत असेल तर आतला जोड सैल आहे. आवाज अगदी खाली आणून दोन्ही कानांत सारखा येतो का तेही ऐकावे. सोबत मोठे मेमरी कार्ड स्वस्तात मिळत असेल तर ते पूर्ण भरून, सर्वांत शेवटी टाकलेली फाइल वाजवून पाहावी. बनावट कार्ड सुरुवातीचे काही जीबी मुकाट्याने घेते आणि पुढची गाणी यादीत दिसतात, पण वाजत नाहीत.