चेक कोणाच्या नावे? डग्लस कॉलेज आणि रटगर्स विद्यापीठातल्या वादामागचा इतिहास

रटगर्स हे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचं सरकारी विद्यापीठ. डग्लस हे मुलींचं कॉलेज त्याच्याच छत्राखाली वाढलं. या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींची 'असोसिएट अलम्नी ऑफ डग्लस कॉलेज' ही संस्था 1922 पासून आहे आणि कॉलेजसाठी देणग्या गोळा करणं हे तिचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. 2010 नंतरच्या दशकात नेमक्या याच कामावरून तिचं विद्यापीठाशी वाजलं. डग्लसच्या नावाने पैसे मागायचा अधिकार कोणाचा, हा मुद्दा. सगळा निधी आपल्या फाउंडेशनमार्फतच, म्हणजे विद्यापीठासाठी देणग्या घेणाऱ्या संस्थेमार्फतच यावा, असा विद्यापीठाचा आग्रह होता. आपण स्वतंत्र आहोत आणि स्वतंत्रच राहणार, ही संघटनेची भूमिका.

वरवर पाहिलं तर हे हिशेबखात्यातलं भांडण वाटतं. मला तसं वाटत नाही. मुलींचं हे कॉलेज मुळात कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या पायपिटीने उभं राहिलं, हे पाहिल्याशिवाय माजी विद्यार्थिनी इतक्या हट्टाला का पेटल्या ते कळणार नाही.

रटगर्सची स्थापना 1766 ची, तेव्हाचं नाव क्वीन्स कॉलेज. दीडशे वर्षं तिथे मुलगेच शिकले. 1911 च्या सुमारास जर्सी सिटीतल्या पदवीधर स्त्रियांच्या कॉलेज क्लबने मुलींसाठी कॉलेज काढण्याचा विषय लावून धरला. त्यात पुढे होत्या मेबल स्मिथ डग्लस, न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या पदवीधर. कल्पनेला उघड विरोध फारसा नव्हता, अडलं होतं ते पैशापाशी. मग बाईंनी मार्ग काढला तो वर्गणीचा: राज्यातल्या स्त्रियांकडून प्रत्येकी एक डॉलर. एखाद्या धनाढ्याची वाट न पाहता महिला मंडळांच्या जाळ्यातून एकेक डॉलर मागायचा. या मोहिमेने कॉलेजची सगळी गरज भागली असं नाही. पण कॉलेज अस्तित्वात येण्याआधीच राज्यभरातल्या बायकांचा त्यात पैसा पडला होता, आणि ज्यात आपला डॉलर आहे ते आपलं, ही भावना तिथून रुजली.

1917 मध्ये डग्लसबाईंचे पती वारले. त्यांचा लोणी-अंड्यांचा व्यापार बाईंनी हाती घेतला. त्याच वर्षी स्मिथ-ह्यूज कायदा झाला आणि गृहशास्त्राच्या शिक्षिका घडवायला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. रटगर्सच्या विश्वस्तांचं मन वळायला या कायद्याची मोठी मदत झाली. सप्टेंबर 1918 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, 'न्यू जर्सी कॉलेज फॉर विमेन' सुरू झालं. विद्यार्थिनी 54, आणि डीन मेबल डग्लस. 1922 मध्ये पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली आणि त्याच वर्षी माजी विद्यार्थिनींची संघटना उभी राहिली. कॉलेजला डग्लसबाईंचं नाव मिळालं ते पुढे, 1955 मध्ये.

वादाचं मर्म एका चेकवर दाखवता येईल. समजा, एखाद्या माजी विद्यार्थिनीने संघटनेच्या नावे शंभर डॉलरचा चेक लिहिला. तो एका वेगळ्या ना-नफा संस्थेच्या खात्यात जातो. त्याचं काय करायचं हे त्या संस्थेचं मंडळ ठरवतं, म्हणजे डग्लसमध्येच शिकलेल्या बायका. तोच चेक विद्यापीठाच्या फाउंडेशनच्या नावे लिहून खाली 'डग्लससाठी' अशी नोंद केली, तर ती नोंद पाळणं फाउंडेशनवर बंधनकारक आहे. पण हेतू पुरेसा नेमका लिहिलेला नसेल, तर अर्थ लावायचं काम विद्यापीठाकडे जातं. रक्कम तीच, मुलींसाठीची शिष्यवृत्तीही कदाचित तीच. फरक एवढाच की उद्या विद्यापीठाने कॉलेजबद्दल काही वेगळा निर्णय घेतला, तर पहिल्या चेकमागे 'नाही' म्हणू शकणारं कोणीतरी उभं असतं.

असे निर्णय झालेही. 1972 मध्ये विद्यापीठातल्या मुलांच्या रटगर्स कॉलेजने मुलींना दार उघडलं, तेव्हा डग्लसने मुलींचंच राहायचं ठरवलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या कॉलेजांचे प्राध्यापक एका छताखाली आणले गेले आणि डग्लसचं अध्यापनातलं वेगळेपण गेलं. मग 2005-06 मध्ये पदवी शिक्षणाची नवी रचना आली आणि डग्लसच्या अस्तित्वावरच गदा आली. 'सेव्ह डग्लस'ची हाक देऊन माजी विद्यार्थिनी उभ्या राहिल्या. तडजोड झाली: 2007 पासून पदवी डग्लसची नाही, विद्यापीठाच्या सामायिक शाखेची, आणि डग्लस हे 'रेसिडेन्शियल कॉलेज', म्हणजे निवासी कॉलेज. नाव राहिलं, वसतिगृहं राहिली, मुलींसाठीचे खास अभ्यासक्रम राहिले. ही लढाई देता आली, कारण संघटनेकडे स्वतःचा पैसा आणि स्वतःचा आवाज होता.

विद्यापीठाची बाजू खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 2010 मध्ये रटगर्सने एक अब्ज डॉलरची निधी-मोहीम जाहीर केली. अशा वेळी एकाच देणगीदाराला दोन कार्यालयांकडून पत्रं जाणं, दोन याद्या, दोन हिशेब, यांचा त्रास खरा असतो. सरकारी अनुदानावर विसंबता येत नाही म्हटल्यावर प्रत्येक विद्यापीठ देणग्यांचा कारभार एका हाती घेऊ पाहतं. पण कारभाराची सोय म्हणून दुसऱ्याचा नव्वद वर्षांचा विश्वास आपल्याकडे वळवता येत नाही, हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं. ते या बायकांनी सांगितलं.

त्यांच्यासमोर लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सचं उदाहरणही होतं. जोसेफिन लुईस न्यूकम यांची एकुलती एक मुलगी सोफी 1870 मध्ये पंधराव्या वर्षी गेली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी 1886 मध्ये टुलेन विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले आणि त्यातून मुलींचं न्यूकम कॉलेज निघालं. 1901 मध्ये त्या वारल्या, तेव्हा उरलेली बहुतेक संपत्तीही तिकडेच गेली. 2005 च्या कतरिना वादळानंतर आर्थिक ओढाताणीचं कारण देऊन टुलेनने 2006 मध्ये हे कॉलेज वेगळं ठेवणं बंद केलं. नात्यातल्या वारसांनी दावा लावला. असा दावा वारसांना लावता येतो, हे लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये मान्य केलं, पण अखेर निकाल टुलेनच्या बाजूने गेला. बाईंनी 'माझ्या मुलीचं कायमचं स्मारक' या भावनेने पैसे दिले होते. कोर्टात त्या भावनेला कायदेशीर अटीचं बळ मिळालं नाही.

हार्वर्ड विद्यापीठाशी जोडलेल्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजची गोष्ट वेगळ्या वळणाची. 1990 च्या दशकात तिथल्या काही माजी विद्यार्थिनींनी देणग्या हार्वर्डला न देता एका राखीव खात्यात ठेवल्या आणि स्त्री प्राध्यापकांची संख्या वाढवा, असा आग्रह धरला. 1999 मध्ये रॅडक्लिफ हार्वर्डमध्ये विलीन झालं आणि तिथे संशोधन संस्था आली.

डग्लसच्या बाबतीत म्हणूनच बारीक वाटणाऱ्या गोष्टींना एवढं महत्त्व आलं: माजी विद्यार्थिनींच्या पत्त्यांची यादी कोणाची, 'डग्लस' हे नाव पत्राच्या माथ्यावर कोणी छापायचं, आधीच्या पिढ्यांनी संघटनेकडे सोपवलेल्या ठेवींचं व्याज कोणाच्या सहीने निघणार. यादी गेली तर पुढच्या वर्षी पत्र कोणाला पाठवणार? नाव गेलं तर पत्र कोणाकडून आलंय, हे 1950 च्या तुकडीतल्या आजीबाईंना कसं कळणार? त्यांनी आयुष्यभर चेक लिहिला तो त्या नावाकडे पाहूनच.