घरगुती वेल्डिंग मशीनचे सर्किट

घरच्या डीबीपासून (घरभर वीज वाटणाऱ्या स्विचपेटीपासून) थेट वेल्डिंग मशीनपर्यंत ओढलेली आणि दुसरे काहीही न जोडलेली लाइन. ठाणे व नवी मुंबईत ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेडची किरकोळ कामे रो-हाउसच्या अंगणात करणाऱ्यांना तिची गरज पडते.

मशीनवर ठळक छापलेला '२००' हा आकडा कांडीकडे (वितळून जोड भरणाऱ्या वेल्डिंग रॉडकडे) जाणाऱ्या करंटचा असतो. सर्किट ठरते ते मशीन लाइनमधून किती अँपिअर ओढते यावर. इन्व्हर्टर मशीनने (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या वेल्डिंग मशीनने) २.५ मिमीची कांडी ८० अँपिअरवर चालवली, तर आर्कवर (कांडी आणि लोखंडामधल्या ठिणगीवर) सुमारे २३ व्होल्ट, म्हणजे १,८५० वॅटच्या आसपास शक्ती लागते. कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.७ धरला, तर २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर १४ ते १५ अँपिअर होतात. १६ अँपिअरच्या पॉवर प्लगला एवढे जेमतेम झेपते. ३.१५ मिमीची कांडी १२० अँपिअरवर लावली की हाच हिशोब २३ अँपिअरवर जातो. मग प्लगच्या पिना तापतात, सॉकेट पिवळे पडून वितळू लागते. व्होल्टेज १९० वर उतरले, तर इन्व्हर्टर तेवढीच शक्ती मिळवायला २८ अँपिअरच्या घरात ओढतो.

म्हणून २०० अँपिअरच्या मशीनला ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा), सी कर्व्हचा (सुरुवातीचा झटका बी कर्व्हपेक्षा जास्त सोसणारा) एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच, ६ चौरस मिमी तांब्याची वायर आणि ३२ अँपिअरचे निळे तीन-पिनी औद्योगिक सॉकेट द्यावे. सोबत ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. मात्र होल्डरकडची (कांडी धरणाऱ्या चिमट्याकडची) बाजू मेन लाइनपासून विलग असते. तिथल्या शॉकला आरसीसीबी पडत नाही. पावसाळ्यात ओले हातमोजे घालून कांडी बदलू नये, ते यासाठीच.

एमसीबी कधी पडतो, यावरून दोष कळतो. स्विच टाकताच पडला, तर बहुधा बी कर्व्हचा असतो. मशीनमधले कपॅसिटर भरतानाचा झटका त्याला सोसत नाही. काही मिनिटे काम करून पडला, तर ओव्हरलोड किंवा टर्मिनलचा ढिला स्क्रू. आरसीसीबी पडत असेल, तर गळती किंवा पुढे कुठेतरी न्यूट्रल अर्थला लागलेला. जुन्या २.५ चौरस मिमी वायरवर मोठा एमसीबी बसवणे हा सर्वांत धोकादायक 'उपाय' आहे. एमसीबी पडायचा थांबतो, पण वायर भिंतीच्या आत जळते.

एक्स्टेंशनमध्ये कंजूषी करू नये. १.५ चौरस मिमीची ३० मीटर केबल २० अँपिअरला सुमारे १६ व्होल्ट खाते, आर्क तुटतो, कांडी चिकटते. गुंडाळी पूर्ण उलगडूनच वापरावी, नाहीतर आतली वेटोळी तापतात.

खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत अर्थिंगचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप लवकर गंजतो. अर्थिंगची वायर डोळ्यांना दिसते म्हणून जोड शाबूत आहे असे धरू नये. परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थचा रेझिस्टन्स मोजून घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी बिलावरचा मंजूर भार पाहावा. पंखे, फ्रिज, गिझर आणि मशीन मिळून तो ओलांडला जात असेल, तर वीज वितरण कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा. घरगुती जोडणीवर पैसे घेऊन वेल्डिंग करणे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकते.