'जर्नल देशील का?' या प्रश्नाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या सायन्सच्या कित्येक बॅचेसमध्ये ओळख वाढवायचा पहिला डाव प्रॅक्टिकलच्या जर्नलवर टाकला गेला. हिशेब सोपा होता. मागताना एक भेट, परत करताना दुसरी, आणि मधले दोन दिवस तिचं अक्षर आपल्या टेबलावर. उत्तरही त्यातच मिळायचं. तिने स्वतः आणून दिलं आणि 'सातव्या प्रयोगाचं रीडिंग चुकलंय हं' असंही सांगितलं, तर बोलणं पुढे जाणार. मैत्रिणीच्या हाती पाठवलं, तर विषय मिटला. हे न उमजता शेवटच्या पानावर पेन्सिलीने चारोळी लिहून परत करणारे महाभाग होतेच. तेच जर्नल मग सहीसाठी सरांच्या टेबलावर जायचं.

एवढं आडवळण कशासाठी? एकाच कॉलेजात नाव असलं तरी सहज बोलणं शक्य नव्हतं. १९१६ साली कर्व्यांनी स्त्रियांसाठी वेगळं विद्यापीठ काढलं. त्याच वर्षी न्यू पूना कॉलेज, म्हणजे आजचं एस. पी., सुरू झालं. मुलं-मुली एकत्र शिकत तिथेही मुलींचे बाक निराळे आणि तास सुटला की लेडीज रूम, अशीच रीत बराच काळ चालली. बोलायला काम लागायचं. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेने असं एक काम दिलं: तालीम. घरी बिनदिक्कत सांगता येईल असं उशिराचं कारण. (खरोखर नाटकासाठी आलेले यावर वैतागत, आणि ते बरोबरच होतं.) १९७२ मध्ये लुना ही मोपेड आली. सायकली शेजारी-शेजारी चालवत गप्पा व्हायच्या. लुनाच्या आवाजात ओरडावं लागे.

खरी गोची नकारात होती. कट्ट्यावरच्या भाषेत मुलगा 'लाइन मारतो', मुलगी 'भाव देते' किंवा देत नाही. पण भाव न देणारीला लगेच 'भाव खातेय' म्हणायची सोय याच भाषेने करून ठेवली. म्हणजे ती गप्प राहिली तरी तो घासाघीस समजून चिकटून राहणार. म्हणून मुलींनी गैरसमजाला जागा न ठेवणारं हत्यार काढलं: राखी. कॉलेज सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले की श्रावणात राखीपौर्णिमा येते, तोवर कोण मागे लागलंय हे ठरलेलं असतं. त्या दिवशी दांडी मारणाऱ्यांची संख्या उगाच वाढत नसे. पुढे त्याच सुमारास फ्रेंडशिप डे येऊ लागला, आणि बँड की राखी यावर कँटीनमध्ये पैजा लागल्या.

२००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मिस्ड कॉलची लिपी तयार झाली: एक रिंग म्हणजे आठवण, दोन म्हणजे खाली ये. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअॅपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. 'मेसेज वाचलाच नाही' ही सभ्य पळवाट त्या दिवशी गेली.

कायदा मात्र नेमका 'भाव खातेय'वरच येऊन थांबला. २०१३ मध्ये दंडविधानात आलेलं कलम ३५४ ड, आता न्याय संहितेचं कलम ७८, पाठलागाबद्दल आहे. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुषाने जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क केला तर तो गुन्हा; पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद. एकदा विचारणं यात बसत नाही, नकारानंतर पुन्हा पुन्हा विचारणं बसतं. म्हणून 'बघू', 'सध्या अभ्यास आहे' यापेक्षा 'मला इंटरेस्ट नाही, मेसेज करू नकोस' हे एकदा लिहून स्क्रीनशॉट ठेवणं उपयोगी. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी जावं लागतं. वाट पाहण्यात मुदत निघून जाते.

जर्नलचं म्हणाल, तर त्याची पीडीएफ आता वर्गाच्या ग्रुपवर आधीच पडलेली असते. तरीही कुणी खासगीत 'जर्नल देशील का?' विचारलं, की आडपडदा उरत नाही.