गंजी वावरात, दिवाळी दारात

धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे माणूस एकाच वेळी तीन ठिकाणी लागतो. सोयाबीनची गंजी वावरात ताडपत्रीखाली, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पहिल्या वेच्याला आलेली, आणि घरी भिंतींना चुना मारायचा राहिलेला. हडंबेवाला, म्हणजे मळणीयंत्रवाला, ‘उद्या येतो’ म्हणाला, त्याला तीन दिवस झाले. लेकीबाळी भाऊबीजेला येणार आणि आभाळ रोज संध्याकाळी भरून येतं. अशात पुण्याहून कोणी फोनवर ‘टेन्शन घेऊ नका, स्वतःला वेळ द्या’ म्हटलं की हसावं का रडावं ते समजत नाही.

शरीराच्या बाजूनं पाहू. धोका जाणवला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आधी ॲड्रेनलिन हे संप्रेरक (हार्मोन) सोडतात. काही सेकंदांत छाती धडधडते, हात घामेजतात. मागाहून येतं दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉल. ते रक्तातली साखर वाढवतं, म्हणजे पळायला किंवा भिडायला इंधन तयार. वावरात रानडुक्कर शिरलं तर ही व्यवस्था अगदी चोख आहे. डुक्कर दहा मिनिटांत पळतं, तास-दीड तासात कॉर्टिसॉलही उतरतं. बाजारभावाची चिंता मात्र हाकलून जात नाही. ती उशाशी बसते.

तिचं एक वैशिष्ट्य लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. साप निघण्याची शक्यता मध्येच बदलायची. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका बसणारच हे पक्कं ठाऊक असताना ताण सर्वांत जास्त येईल, असं आपल्याला वाटतं. तो आला शक्यता पन्नास टक्के असताना.

हे सांगायला लंडन कशाला हवं, असं कास्तकार म्हणेल. पाऊस पडून गेला की माणूस उठून ओल्या शेंगा वाळवायला लागतो. पडेल की नाही पडेल, यात रात्रभर कूस बदलतो. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खालीच रेंगाळत होता. विकलं तर दिवाळी होते, थांबलं तर चार पैसे वाढतील, किंवा आणखी पडेल.

ढग आणि भाव आपल्या हातात नाहीत. पण त्यांच्यासोबत घरातल्या आणखी दहा गोष्टी आपण उगाच अधांतरी ठेवतो. कपडे? ‘चुकारा (मालाचे पैसे) आला तर पाहू.’ ओवाळणी? ‘पाहू.’ प्रत्येक ‘पाहू’ म्हणजे अर्ध्या शक्यतेचा एकेक दगड, आणि घरातले सगळे तो उलटायची वाट पाहतात. मला वाटतं, एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगून टाकावं: यंदा कपडे फक्त लेकरांना, ओवाळणी एवढी, बाकीचं तुळशीच्या लग्नानंतर. लेकरं रुसतील. एखादा दिवस.

तंगीच्या दिवसांत मोठा व्यवहार मात्र घाईनं करू नये. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची कापणीआधी आणि कापणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली, तेव्हा त्याच माणसांची कामगिरी कापणीआधी, हात तंग असताना, कमी भरली. २०१३च्या या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले; तरी सावकाराच्या कागदावर सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी आणि कागद दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावा, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

बाईमाणसाचा हिशेब वेगळाच. दिवसभर वेचणी, रात्री चकल्या आणि अनारसे, पहाटे पुन्हा चूल. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात चढतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. शिकागो विद्यापीठातल्या १९९७च्या एका अभ्यासात एक रात्र झोप तुटल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे कॉर्टिसॉल चढेलच राहिलेलं दिसलं. म्हणजे जागरणाचा ताण दुसऱ्या संध्याकाळपर्यंतही उतरत नाही. आमच्या गल्लीत पाच घरच्या बाया एकाच आंगणात फराळ करतात, आज एकीचा, उद्या दुसरीचा. कढई मोठी, सरपण कमी, आणि अकराच्या आत अंथरुणावर. एखाद्या पुरुषानं झारा हाती घेतला तर दहालाच झोपता येईल, पण ती बातमी मी अजून ऐकलेली नाही.

श्वासाचंही सांगतो. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते, ठोके मंदावतात. म्हणून सोडायला जास्त वेळ द्यायचा. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांच्या गटाला ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे’चा जप, दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आलेला आढळला. कार्तिकातल्या काकड आरतीच्या लांब चालीही दम लांबवतातच. काकड्याला जाणं जमत नसेल, तर हडंब्याची वाट पाहत धुऱ्यावर बसूनही हे करता येतं. पाच मिनिटं पुरतात.

पण कोणाची झोप कित्येक दिवस उडाली असेल, जेवण तुटलं असेल, किंवा ‘माझ्यामागं तुम्ही सुटाल’ अशी भाषा तोंडी येत असेल, तर श्वासावर भागवू नये. त्याला एकटं सोडू नये, दवाखान्यात न्यावं. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मी तो नंबर दारामागच्या कॅलेंडरवर, हडंबेवाल्याच्या नंबराखालीच लिहून ठेवलाय.