चायनीज आणि आफ्रिकन: चोचीवर गाठ असलेले दोन पाळीव हंस

चोचीच्या मुळाशी ठळक गाठ असलेला पाळीव हंस दिसला की ‘हा चायनीज’ असे चटकन म्हटले जाते. शेतघरांच्या आवारात आपण ज्यांना सरसकट राजहंस म्हणतो, त्यांत या जातीचे पक्षी पुष्कळ असल्यामुळे तो अंदाज अनेकदा बरोबरही ठरतो. परंतु तशीच गाठ ‘आफ्रिकन’ नावाच्या दुसऱ्या एका जातीलाही असते आणि नुसत्या गाठीवर विसंबणारा माणूस तिथे हमखास फसतो.

दोघांचा रानटी पूर्वज एकच आहे. मंगोलिया, चीनचा ईशान्य भाग आणि त्याला लागून असलेला रशियाचा आग्नेय प्रदेश येथे वीण करणारा आणि हिवाळ्यात चीनमधील पोयांग सरोवरासारख्या पाणथळ जागी उतरणारा हा पक्षी ‘स्वान गूज’ या नावाने ओळखला जातो. टुलूझ, एम्डेन यांसारख्या युरोपीय जाती मात्र कलहंसापासून निघालेल्या आहेत. रानटी स्वान गूजच्या चोचीवर गाठ नसते. ती माणसाच्या संगतीत, निवडीने वाढत गेली. पूर्वजाची खरी खूण मानेवर उरली आहे: माथ्यापासून मानेच्या मागच्या बाजूने उतरणारा गडद तपकिरी पट्टा आणि पुढची फिकट बाजू यांची रेखीव सीमा तपकिरी चायनीज आणि राखी आफ्रिकन या दोघांतही आजवर टिकून आहे.

‘आफ्रिकन’ हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण स्वान गूज आफ्रिकेत आढळतच नाही. पूर्वी याच हंसाला ‘इंडिया गूज’ आणि ‘गिनी गूज’ असेही म्हणत. अशा नावांवरून मूळ प्रदेश ठरवू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. अमेरिकेतील कुक्कुटपालकांच्या संघटनेने 1874 मध्ये या दोन्ही जातींना स्वतंत्र मान्यता दिली.

ओळख पटवायची असेल तर नजर गळ्याखाली न्यावी. बैलाच्या मानेखाली पोळी लोंबते तशी कातडीची घडी प्रौढ आफ्रिकनच्या गळ्याखाली असते. चायनीजचा गळा स्वच्छ, सडपातळ आणि हंसाला शोभेल असा बाकदार असतो. चायनीजची गाठ गोलसर असते, तर आफ्रिकनची गाठ रुंद असून किंचित पुढे झुकलेली दिसते. रंग मात्र फारसा उपयोगी नाही, कारण दोन्ही जातींत पांढरे पक्षी असतात आणि त्यांची चोच व गाठ नारिंगी असते, तर गडद रंगाच्या पक्ष्यांत ती काळी असते. वजनाचा फरक मोठा आहे: चायनीज नर साधारण 5 ते 5.5 किलोचा, तर आफ्रिकन नर 9 ते 10 किलोपर्यंत भरतो.

अंड्यांच्या बाबतीत चायनीज सरस आहे, तर मांसासाठी आफ्रिकनला पसंती मिळते. चायनीजचा आवाज तीक्ष्ण असून अनोळखी पावलांची चाहूल लागताच सगळा कळप एकदम ओरडू लागतो. स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे व्हिस्कीच्या गोदामांच्या राखणीसाठी 1959 पासून अनेक दशके पांढरे चायनीज हंस ठेवले होते.

संकरामुळे ओळखीत आणखी गुंता होतो. चायनीज आणि युरोपीय पाळीव हंस यांचे मूळ वेगवेगळ्या रानटी जातींत असले, तरी त्यांची संकरित पिल्ले वांझ नसतात. अशा एका भाऊबहिणीच्या जोडीपासून आपण पाच उत्तम पिल्ले वाढवल्याचे चार्ल्स डार्विनने 1880 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात नोंदवले होते. अशा संकरांत गाठ बहुधा लहान राहते. शिवाय शुद्ध आफ्रिकनच्या पिल्लांतही गळ्याची पोळी सुरुवातीला दिसत नाही, ती वयाबरोबर उतरत जाते. त्यामुळे पिल्ले विकत घेताना त्यांच्या आईबापांचे गळे पाहून घ्यावेत.